समुद्राच्या चित्रातली माणसं कुठं गेली?

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा निकाल आला आणि सोबत बक्षीस मिळालेली तीन चित्रं रंगीत छापली होती, बघून बरं वाटलं, हल्ली पोरांच्या चित्रांना पेपरात जागा कोण देतंय. विषय होता समुद्रकिनारा. तिन्ही चित्रांत सूर्य मावळतोय, तिन्हीत एका बाजूनं नारळाचं झाड आत वाकलंय, तिन्हीत शिडाची एक होडी आणि वर ते नेहमीचे दोन रेघांचे पक्षी. पोरांचा हात चांगला आहे, एकाचं शेडिंग तर फारच सफाईदार. खरं एक सांगू काय, तिन्ही चित्रं मिळून माणूस एक पण नाही. होडीत सुद्धा नाही, मग ती होडी चालवतंय कोण?

तुम्ही म्हणाल हे कसलं पत्र. आपल्या पेपरातली वाचकांची पत्रं म्हणजे रस्त्याचे खड्डे, नळाला पाणी कधी येणार, दुकानावरचे बोर्ड, सुप्रीम कोर्टातली सीमाप्रश्नाची तारीख, आणि ती यायलाच पाहिजेत, मी पण तसली लिहिलीत आणि तुम्ही छापलीत. हे जरा वेगळं आहे. घरात भिंतीवर एक चित्र आहे, तुमचा अंक हातात आणि समोर ते चित्र, असं दोन्ही एकदम बघितल्यावर गप्प बसवेना म्हणून लिहायला घेतलं.

आधी चित्राचं सांगतो. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, शिसवी कपाटं आणि पितळी दिव्यांना ही गर्दी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेमांकडं कुणी ढुंकून बघेना, त्यातली एक मी उचलली. काच तडकलेली, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी. किंमत सांगत नाही, आमच्या घरात आपला पेपर सगळे वाचतात. चित्रात समुद्रकाठची दुपार आहे. घोळदार झग्यातल्या बायका, डोक्यावर हॅटी, हातात छत्र्या, लाकडी खुर्च्या वाळूत आडव्यातिडव्या टाकून घोळका करून बसल्यात, त्यातल्या निम्म्या आपल्याकडं पाठ करून. एक पोरगं खाली मान घालून वाळू उकरतंय. एक कुत्रं काही कारण नसताना उभं आहे. लांब पाण्याजवळ दोन माणसं, म्हणजे नुसत्या दोन उभ्या रेघा, खरं त्या रेघांकडं बघून कळतंय की एक जण दुसऱ्याला काहीतरी पटवून सांगतोय. आणि समुद्र किती म्हणाल तर एक बोटभर पट्टी. बाकी सगळं आकाश, ते पण भरून आलेलं नाही की रंगलेलं नाही, नुसतं ढगाळ.

कुणी काही करत नाही त्यात. कथा नाही, प्रसंग नाही, देव नाही, राजा नाही. लोक सुट्टीला आलेत आणि बसलेत.

मी आयुष्यभर ऑफसेट मशीनवर काम केलं, लग्नपत्रिका, कॅलेंडरं, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, इलेक्शनची पत्रकं तर मोजता येणार नाहीत, त्यामुळं चित्र हातात आलं की आधी भिंग लावायची सवय. भिंगाखाली आजची कुठलीही छपाई बघा, तुमचा पेपर सुद्धा, निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चार रंगांचे ठिपके ओळीत बसलेले दिसतात, त्या ठिपक्यांचंच चित्र होतं. या चित्राला भिंग लावलं तर ठिपका नाही. खडूनं खरबरीत जागेवर ओढल्यावर उमटतो तसा वेडावाकडा दाणा, कुठं दाट कुठं विरळ, हिशेब कसलाच नाही. म्हणजे लिथो. दगडावरनं छापलेलं. खाली पेन्सिलीनं आकडा टाकलाय, इतक्या प्रतींपैकी ही इतकावी, आणि उजवीकडं सही. नामांकित चित्रकाराची सही नाही ती, लाखाचं चित्र नाही, कुणी बघायला येऊन माझी निराशा करू नये. फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट, म्हणजे उघड्यावर बसून ऊन-प्रकाश रंगवणाऱ्या चित्रकार मंडळींनी समुद्रकाठाची जी तऱ्हा सुरू केली त्या तऱ्हेचं ते काम आहे एवढं मात्र नक्की.

दगडाचं थोडं सांगू द्या, आमच्या धंद्याचा तो मूळपुरुष आहे. बव्हेरियात अलॉइस सेनेफेल्डर नावाचा एक नाटकं लिहिणारा माणूस होता, नाटकं छापायला पैसे नव्हते म्हणून 1796 च्या सुमारास घरच्या घरी स्वस्तात छापायची खटपट करत होता. एकदा धोबी दारात उभा आणि कागद सापडेना, तर आईनं सांगितलेली कपड्यांची यादी त्यानं तेलकट शाईनं चुनखडीच्या दगडावरच लिहून टाकली, त्याची गोष्ट त्यानं स्वतःच सांगितली आहे. पुढं त्यातनं जे निघालं ते असं की दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, गोंद आणि थोडं ॲसिड फिरवून ते पक्कं करायचं, मग दगड पाण्यानं ओला करायचा. जिथं तेल आहे तिथं पाणी थांबत नाही, जिथं पाणी आहे तिथं शाई बसत नाही. रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर. वर कागद ठेवून दाबला की झालं. चित्र उलटं काढावं लागतं, कागदावर सुलटं येतं. रंगीत पाहिजे तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे दगड एकमेकांवर केसभर पण सरकता कामा नयेत. काम संपलं की वाळू टाकून दगड घासायचा, चित्र गेलं, दगड पुढच्या कामाला मोकळा. आम्ही ऑफसेटवाले आजही तेच करतोय, दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली, मधे रबराचं ब्लँकेट आलं म्हणून उलटं काढायची भानगड गेली, खरं पाणी आणि शाईचं जमलं नाही की पूर्ण रीम रद्दीत जाते हे तेव्हाही होतं आणि आताही आहे. माझे उस्ताद उमेदीत दगडावर काम केलेले, प्लेट खराब झाली की म्हणायचे, "दगड असता तर घासला असता."

आपल्या लोकांना हे परकं नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. पुण्यात चित्रशाळा हा चित्रांचा छापखाना निघाला 1878 ला. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 ला गिरगावात सुरू झाला, मग मळवलीला गेला, आणि तिथनं निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडच्या जुन्या घरांच्या देवघरात, बेळगावात काय खानापुरात काय, अजून लटकत असतील, कुणाकुणाच्या तर साडीला जरी-टिकल्या चिकटवलेल्या. ज्याला तैलचित्र परवडत नाही त्याच्या भिंतीवर पण चित्र लागलं, ते या दगडामुळं. फ्रान्समध्ये पण तीच गत. मोठ्ठं चित्र शेठ-सावकाराच्या दिवाणखान्यात, आणि लिथो पेपरात, पोस्टरात, गाण्याच्या पुस्तकाच्या कव्हरावर, साध्या माणसाच्या खोलीत.

फरक एवढाच की आपल्याकडं दगडावरनं देव आले आणि पुराण आलं, शिवाजी महाराज आले, नाना फडणवीस आले. तिकडं त्याच दगडावरनं रेसला आलेली गर्दी पण आली. माने या चित्रकारानं 1865 च्या सुमारास घोड्याच्या रेसचं लिथो काढलंय, घोडे सरळ अंगावर येतात आणि दोन्ही बाजूची माणसं म्हणजे निव्वळ गिचमीड, खडू नुसता पिंजारलाय, आणि त्या गिचमिडीत आरडाओरडा ऐकायला येतो.

आता समुद्राकडं येतो. पॅरिसच्या लोकांना समुद्र काही लांब नव्हता, खरं घोडागाडीनं कोण जाणार सारखं. 1863 ला रेल्वे त्रूव्हिल या समुद्रकाठच्या गावापर्यंत पोचली आणि मग सुट्टीला गर्दी लोटली. म्हातारे, पोरं, दाया, कुत्री, सगळं बिऱ्हाड. डॉक्टर समुद्रस्नान लिहून द्यायचे, औषध म्हणून. बायकांना कपडे बदलायला चाकांवरच्या लाकडी खोल्या असायच्या, त्या घोडा लावून पाण्यापर्यंत ओढत न्यायच्या. आणि बहुतेक मंडळी पाण्यात जायचीच नाहीत, एवढा सगळा झगा घालून वाळूत बसायची, गप्पा हाणायची, ऊन लागू नये म्हणून छत्री. हे सगळं बघायला तिथं एक माणूस होता, यूजीन बूदँ. ओंफ्लरला जन्मलेला, खलाशाचा पोरगा, आधी शेजारच्या ल हाव्र बंदरात कागद आणि फ्रेमा विकायचं दुकान काढलेला. 1862 च्या आसपास त्यानं ही बसलेली माणसं रंगवायला घेतली आणि मग वर्षानुवर्षं तेच. छोट्या छोट्या आडव्या फळ्या, खाली माणसांची रांग, वर अर्ध्याहून जास्त आकाश. हा माणूस आकाशाच्या कच्च्या चित्रांवर तारीख, वेळ आणि वारा कुठनं सुटलाय ते पण लिहून ठेवायचा. बोदलेअर या कवीनं 1859 ला ती चित्रं बघून त्याबद्दल लिहिलंय. ल हाव्रमध्ये लोकांची व्यंगचित्रं विकत फिरणारा एक पोरगा यानंच धरला आणि बाहेर उघड्यावर चित्र काढायला लावलं, तो पोरगा म्हणजे क्लोद मोने. मोने 1870 च्या उन्हाळ्यात नव्या बायकोला घेऊन त्रूव्हिललाच गेला होता, तिथं काढलेलं त्याचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेत. वारा सुटलेला असताना तिथंच बसून काढलं याचा पुरावाच की तो.

या बूदँची एक गोष्ट मला फार आवडते. 1867 ला तो फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातल्या गरीब शेतकऱ्या-कोळ्यांत राहून परत आला आणि त्रूव्हिलचे हे नटलेले लोक बघून त्याला शरम वाटली, सोंगं आहेत सगळी असं त्यानं मित्राला लिहिलं. आणि पुढच्याच वर्षी त्याच मित्राला दुसरं पत्र, की शेतकऱ्याला त्याचे चित्रकार मिळालेत हे चांगलंच झालं, खरं ही मध्यमवर्गी माणसं संध्याकाळी धक्क्यावर फिरतात, त्यांना पण चित्रात यायचा हक्क नाही काय, ती पण बहुतेक दमूनभागून आलेली असतात, ऑफिसातनं, खोलीतनं सुटून आलेली असतात. शब्द माझे आहेत, भाव त्याचा. हे वाचल्यापासून माझ्या भिंतीवरच्या त्या झगेवाल्या बायका मला जरा वेगळ्या दिसायला लागल्या.

पेपरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 1874 ला मोने, रेन्वार, देगा, पिसारो, आमचा बूदँ पण, या इम्प्रेशनिस्ट मंडळींनी पॅरिसमध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. तुमच्याच जातीच्या एका पेपरानं, शारिव्हारी त्याचं नाव, त्यावर लांबलचक खिल्ली उडवणारा लेख छापला. मोनेनं वरच्या खिडकीतनं दिसणारा रस्ता रंगवला होता आणि खाली चालणारी माणसं म्हणजे ब्रशचे काळे फटकारे. तर लेख लिहिणारा विचारतो, हे चाटल्यासारखे काळे काय आहेत, मी रस्त्यानं चालताना असा दिसतो काय? गंमत म्हणजे हा शारिव्हारी पेपर स्वतः खपायचा कशावर, तर लिथोवर. दोमिए नावाचा चित्रकार त्यात वर्षानुवर्षं दगडावर चित्रं काढायचा, जवळपास 4000 काढली त्यानं, वकील, घरमालक, भाडेकरू, नदीत डुंबायला आलेले ढेरपोटे पॅरिसकर. म्हणजे साध्या माणसाला चित्रात आणायचं काम त्या पेपरानंच आधी केलेलं, आणि तेच दुसऱ्यानं रंगात केलं तर हसले. पेपरवाल्यांचं असं होतं कधी कधी, राग मानू नये.

आता आपली गोष्ट. आपण बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे लोक समुद्राला का लांब आहोत? सकाळी अंधारात चोर्ला घाट उतरला की नाष्ट्याला गोवा. आंबोली उतरला की सावंतवाडी, पुढं वेंगुर्ला. रेल्वे यायच्या आधी तर बेळगावचा माल बैलगाड्यांतनं वेंगुर्ल्यालाच जायचा आणि तिथनं गलबतात. 1880 च्या दशकात लोंढा-कॅसलरॉकवरनं मुरगावपर्यंत रेल्वे झाली, तरी आपली सहल अजून जास्त करून टेम्पो ट्रॅव्हलरनंच. आणि तिथं गेल्यावर आपण काय करतो? अगदी त्या त्रूव्हिलच्या लोकांसारखं, अंगावरच्या सगळ्या कपड्यानिशी वाळूत बसतो. काकू पदर खोचून घोट्याभर पाण्यात उभ्या, लाट आली की किंचाळायचं आणि परत तिथंच उभं राहायचं. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाकीट वरच्या खिशात घालून, एक हात त्या खिशावर. आजी मागं पेपर टाकून चपलांच्या राशीशेजारी बसलेली, सगळ्यांचे मोबाइल आणि गळ्यातलं तिच्या मांडीत, आणि तिथनंच तिचं चालू, "लई आत जाऊ नगं रं, ये की म्हागारी!" डबा उघडला की दशम्या, शेंगाची चटणी, कुणीतरी हटकून कुंदा आणलेला, आणि त्यात वाळू. पोरांना एकाला गळ्यापर्यंत पुरलेलं. बाजूनं चड्डीतले परदेशी लोक जातात, आपण त्यांच्याकडं बघतो, ते आपल्याकडं बघतात.

संपादक साहेब, हे चित्र कुणी काढलंय? मला तरी दिसलं नाही. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी गोव्याची गर्दी काढून ठेवली, त्यांची टाइल नाहीतर कप आपण कौतुकानं विकत आणतो. आपल्या गर्दीचं काय? आपल्या प्रदर्शनात राजहंसगड असतो, कमल बस्ती असते, पावसातलं जुनं बेळगाव असतं, डोक्यावर घागर घेतलेली बाई असते, मुंडासेवाला म्हातारा तर असतोच असतो. हे सगळं छान असतं, मी नावं ठेवत नाही. खरं तो म्हातारा पण घरी टीव्ही बघतो आणि त्याचा नातू त्याला कलंगुटला घेऊन जातो, तिथला तो कुणाला काढावासा वाटत नाही.

हे सगळं मी का उगाळतोय त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं पण याच स्पर्धेत भाग घेतला होता, सहावीत आहे. तिचं चित्र मी आधी बघितलेलं, मला दाखवायला आणलं होतं. तिनं काढलेला समुद्रकिनारा म्हणजे एक टेम्पो ट्रॅव्हलर, दार उघडं, दारात एक माणूस ओकतोय (घाटात लागतं काहींना), पुढं चपलांची लाईन, मग आजी, मग छत्री धरलेली एक बाई, छत्री उन्हासाठी आहे की पावसासाठी ते कळत नाही, आणि सात-आठ माणसं पाण्याकडं तोंड करून उभी, सगळ्यांच्या पाठी. प्रत्येकाची पाठ वेगळी. एकाच्या बनियनला भोक. समुद्र मात्र वर उरलेल्या जागेत निळ्या खडूनं एक पट्टी. मला त्या पाठी बघून हसू पण आलं आणि लगेच मान वळवून भिंतीवरच्या लिथोकडं बघितलं, तिथं पण बोटभर समुद्र, तिथं पण पाठी. तिनं माझं चित्र कधी नीट बघितलेलं नाही, ती येते ती आमच्या मांजरासाठी.

बक्षीस मिळालं नाही ते जाऊ दे, शंभर पोरं असतात, सगळ्यांना कसं मिळणार. तिला कारण काय सांगितलं तर समुद्र कमी दिसतोय आणि विषय सोडून माणसं काढलीत. टेम्पोवाल्या त्या माणसाबद्दल पण बोलले असतील, ते मी समजू शकतो. परीक्षक कोण होते मला ठाऊक नाही आणि मला त्यांच्याशी भांडायचं पण नाही, त्यांना एका दुपारी ढीगभर कागद बघायचे असतात. स्पर्धेला मानधन काय देतात ते पण कळतं मला, पत्रिका आम्हीच छापायचो.

खरं पोरांना हे कळतं पटकन. पुढच्या वर्षी ती पोरगी पण नारळाचं झाड काढणार, सूर्य काढणार, आणि तिला नंबर मिळणार. गेल्या आठवड्यात बघितलं तर तिच्या वहीत झाड आलंय सुद्धा. मोबाइलवर "इझी सीनरी ड्रॉइंग" म्हणून व्हिडिओ लागतात, त्यात हेच, पाच मिनिटांत समुद्र तयार, आधी चिकटपट्टी लावायची, मग रंग पुसायचा, मग कापसानं ढग. क्लासवाले तेच शिकवतात कारण आईबापांना तेच भिंतीला लावायचं असतं. आणि चित्रकलेच्या लोअर-हायरच्या परीक्षा डोक्यात ठेवून स्मृतिचित्राची तयारी करून घेतात ती पण पाठ केलेली, भाजी मंडई म्हणजे तीच एक भाजीवाली आणि तीच दोन गिऱ्हाइकं.

या गावाला असं शोभत नाही. के. बी. कुलकर्णी सरांसारखा चित्रकार इथं मास्तरकी करत होता, माणसाचा चेहरा रंगवावा तर त्यांनी. रवी परांजपे इथलेच, सरांच्या हाताखाली शिकले आणि पुढं देशभर नाव काढलं. सर पोरांना रेल्वे स्टेशनवर, बाजारात बसून स्केच करायला लावायचे असं त्या काळचे लोक सांगतात. आज शनिवारी खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत वही घेऊन बसलेलं एक तरी पोरगं दाखवा. गर्दी आहे, पार्किंग नाही, ते सगळं मान्य, तरी पण.

कुणी म्हणेल इम्प्रेशनिस्ट म्हणजे रंग आणि प्रकाश, तुम्ही माणसाचं काय घेऊन बसलायसा. बरोबर आहे, प्रकाश आहेच. खरं तो प्रकाश पडायला कुणाची तरी पाठ लागते की. माझ्या लिथोत बाईच्या पांढऱ्या झग्याला चित्रकारानं शाईच लावलेली नाही, कागद तसाच कोरा सोडलाय, आजूबाजूला खडू घासलाय म्हणून तो कोरा कागद उन्हात बसलेली बाई झालाय. भिंगातनं हे बघताना, इतकी वर्षं छपाईत घालवून सुद्धा, दर वेळी हात थांबतो. कोरा कागद शाईपेक्षा जास्त काम करतो हे शिकवायला चांगला मास्तर लागतो, आणि हे सूर्यास्तातनं शिकवता येत नाही कारण तिथं पोरं पहिल्यांदा सगळा कागद केशरी करून टाकतात.

तर विनंती साधी आहे. स्पर्धा आपल्या पेपरच्या सहकार्यानं होते असं खाली छापलेलं होतं म्हणून आपल्यालाच लिहितोय. पुढच्या वर्षी विषय देताना नुसतं 'समुद्रकिनारा' देऊ नका, 'आमच्या घरचे लोक समुद्रावर' असं काहीतरी द्या. समुद्रावर न गेलेली पोरं पण असतात, त्यांना राकसकोपचं धरण द्या, आंबोलीचा धबधबा द्या, यल्लम्माच्या डोंगरावर गाडीखाली चूल मांडलेली द्या, चालतंय. अट एकच ठेवा की चित्रात निदान पाच माणसं पाहिजेत आणि ती ओळखीची पाहिजेत. आणि पहिल्या तीन चित्रांच्या जोडीला बाद झालेल्यांतली पण दोन-चार छापा, वाचकांना बघू द्या.

आणखी एक, शाळांपैकी कुणाला पोरं घेऊन यायची असतील तर माझं ते लिथो आणि भिंग दोन्ही दाखवायला मी तयार आहे, घर लहान आहे, एका वेळी आठ-दहा जणांनी यावं, सकाळी दहानंतर. पत्ता आपल्या ऑफिसात दिलेला आहे. एक जुना लिथोचा दगड पण मिळतोय काय बघतोय, मिळाला तर पोरांच्या हातात खडूच देतो, घासून परत कोरा करता येतो त्यामुळं बिघडायची भीती नाही.

पत्र लांबलंय, कापावं लागणार हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कॉलमच्या बाहेर गेलेला मजकूर आम्हीच कापायचो. कापायचं झालं तर सेनेफेल्डरच्या धोब्याचं कापा, शारिव्हारीचं पण कापलं तर चालेल, तुमच्या सोयीचंच आहे ते. त्या पोरीच्या चित्राचं मात्र पूर्ण राहू द्या, तिला मी सांगून ठेवलंय की पेपरात येणार म्हणून.

आपला,
एक निवृत्त मशीनमन
शहापूर, बेळगाव